कवेलू

जेठ सरत आला, आभाळ पांढरंफटक होऊन डोळ्यांना टोचायला लागलं, की आमच्या घरात कवेलू फेरायचा दिवस ठरायचा. तुमच्याकडे याला कौलं शाकारणं म्हणतात, हे मला पुण्यात आल्यावर कळलं. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी ते फेरणंच होतं. खारुन नदीपलीकडच्या एका गावातून दोन माणसं यायची, शिडी लावून वर चढायची आणि मग एकेक कवेलू उचलून, त्याखालची सालभराची माती, कडुनिंबाचा पाला, चिमण्यांच्या काड्या, क्वचित एखादा विंचू, असं सगळं बाजूला सारून त्याला पुन्हा जागेवर बसवायची. कुंभाराच्या हातचे, अर्ध्या नळीसारखे कवेलू होते ते, आणि प्रत्येकाच्या पाठीवर ओल्या मातीवरून फिरलेल्या बोटांच्या रेघा होत्या. आजी खाली परछीत बसून फुटके मोजायची. आम्ही मुलं मात्र माजघरात, शेणानं सारवलेल्या गार जमिनीवर उताणी पडलेली असायचो, कारण कवेलू निघाले की छपरात आभाळाचे तुकडे उघडायचे, त्यांतून उन्हाचे खांब खाली उतरायचे आणि त्या खांबांमधून धूळ इतकी सावकाश वर चढायची की बघता बघता आमचेच डोळे जड व्हायचे. वर्षातला तो एकच दिवस घर असं उघडं पडायचं. संध्याकाळी शेवटचा कवेलू बसला की आत पुन्हा तो ओळखीचा, किंचित गार अंधार भरून यायचा, आणि आजी म्हणायची, "झालं बाई, आता कधीही येऊ दे त्याला."

तो म्हणजे पाऊस. जूनच्या मध्यावर केव्हातरी तो यायचा. दोन महिने तापलेल्या कवेलूंवर पहिले थेंब पडले की आधी नुसती चर्रचर्र ऐकू यायची, पाणी खालपर्यंत पोचायचंच नाही, आणि मग तो वास यायचा. अंगणातल्या मातीचा वेगळा; हा भाजलेल्या मातीचा, नव्या माठात पहिलं पाणी ओतल्यावर येतो तसा, पण घरभर. आणि कितीही फेरले तरी एखादा कवेलू हटकून दगा द्यायचा. आमच्याकडे छप्पर गळत नसे, चुहत असे. "देवघरापाशी चुहून राहिलं गं," असं कोणीतरी ओरडायचं, आणि पितळी गंज, पातेलं, परात, जे हाताला येईल ते घेऊन आम्ही धावायचो. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या कुठल्या भांड्यात थेंब पडतोय हे आजी आवाजावरून सांगायची.

हे घर आम्ही २०१८ साली विकलं.

एवढं वाक्य लिहायलाही मला बराच वेळ लागला. "विकलं" म्हटलं की व्यवहार डोळ्यांपुढे येतो, कागद, पैसे, सह्या, आणि ते सगळं होतंच, त्याबद्दल सांगेनही. पण मला जे राहून राहून सलतं ते थोडं निराळं आहे, आणि ते तुम्हाला कसं सांगावं हे कळत नाही म्हणून आधी बिहीबद्दल सांगते. आमच्या अंगणात विहिरीजवळ एक पेरूचं झाड होतं. पुण्यात त्याला पेरू म्हणतात, नागपूरला मामाकडे जाम म्हणत, आणि आमच्या घरी ती होती बिही. छत्तीसगढी शब्द. शेवग्याला आम्ही मुनगा म्हणायचो. भिंतीतल्या कोनाड्याला पठेरा. ओट्यालगतच्या पडवीला परछी. धान साठवायची मातीची कोठी. आदल्या रात्रीचा पाण्यात घातलेला भात, जो उन्हाळ्यात सकाळी कांदा नि हिरव्या मिरचीबरोबर खायचा, तो बासी. नागपुरी वळणाच्या मराठीत हे सारे शब्द कधी येऊन बसले, कोणाला ठाऊक. आजीला ते मराठीच वाटत. तिला कोणी सांगितलं असतं की पठेरा मराठी नाही, तर तिनं त्या पठेऱ्यातला दिवा दाखवून विचारलं असतं, मग याला म्हणायचं काय? ही भाषा त्या चार भिंतींत बोलली जायची. शेजारच्या मराठी घरात ती थोडी वेगळी होती, दोन गल्ल्या सोडून आणखी वेगळी. घर गेलं तेव्हा ती बोलायची जागा गेली. आता पुण्यात बाजारात मी शेवग्याच्या शेंगाच मागते.

आमचे आजोबा नागपूरहून नोकरीसाठी रायपूरला आले आणि १९३८ साली त्यांनी ही जागा घेतली. पण मराठी माणसं या भागात त्याच्या कितीतरी आधीपासून होती. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले १७५८ मध्ये रतनपूरला येऊन राहिले, १७८७ मध्ये वारले तोवर तिथूनच छत्तीसगढचा कारभार पाहत होते. दसऱ्याला सोनं वाटायची चाल त्यांनीच इथे रुजवली असं सांगतात. आजी तर ते असं सांगायची, जणू बिंबाजी तिच्या माहेरचे कोणी लागत होते. दसऱ्याच्या संध्याकाळी परछीत सतरंजी पसरलेली असायची, आणि गल्लीतले छत्तीसगढी, मारवाडी, बंगाली, सगळे येऊन बाबांच्या हातात पानं ठेवायचे, पाया पडायचे, आणि आई चारोळी घातलेली करंजी प्रत्येकाच्या हातावर ठेवायची. तिथे चारोळी मुबलक, तिला चिरौंजी म्हणायचं, आणि जंगलातून येणारी ती ताजी चिरौंजी तुपात परतताना जो वास सुटतो तो पाकिटातल्या चारोळीला कधीच येत नाही, हे मी गेली कित्येक वर्षं पुण्यात करंज्या करताना स्वतःशीच म्हणत आले आहे.

लोखंडी पेटीतले जुने कागद विक्रीच्या निमित्तानं बाहेर निघाले. सगळ्यात खाली आजोबांच्या खरेदीचा कागद, सी. पी. अँड बेरारच्या काळातला, तेव्हा राजधानी नागपूर. त्याच्यावर कराच्या पावत्यांची चळत, मध्यप्रदेशच्या, राजधानी आधी नागपूरच आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून भोपाळ. सगळ्यात वर छत्तीसगढच्या, १ नोव्हेंबर २००० नंतरच्या, आणि आता राजधानी खुद्द रायपूर. घर एक वीतभरही हललं नव्हतं. बाबा म्हणायचे, आपण काही न करता आपलं गाव राजधानी झालं. त्यांना त्याचा फार अभिमान होता. राजधानी झाली म्हणूनच जमिनीचे भाव चढले आणि त्या भावांनीच पुढे गल्लीतली एकेक परछी उचलून नेली, हे पाहायला ते राहिले नाहीत.

त्या पेटीत एक मोडीतला कागदही होता. दोन्हीकडून गच्च लिहिलेला, शाई तांबूस झालेली. हिशेब आहे की पत्र, तेही कळेना. तो वाचू शकणारे घरातले शेवटचे माणूस म्हणजे आजोबा. मी तो जपून ठेवला आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, आणि कधीकधी काढून नुसता बघते.

२०११ साली बाबा गेले. दोन वर्षं आई एकटीच राहिली, मग पडली, मग मी तिला घेऊन आले. घराला कुलूप लागलं. किल्ली रौताइन दाईकडे. ती आमच्याकडे भांडी घासायला लागली तेव्हा मी पाळण्यात होते, आणि साठीला टेकले तरी ती मला "नोनी"च म्हणायची, म्हणजे मुलगी, पोरगी. आठवड्यातून दोनदा ती येऊन दार उघडायची, झाडायची, तुळशीला पाणी घालायची आणि देवघरात, जिथे आता देव नव्हते, तिथे उदबत्ती लावून जायची. मी वर्षातून एकदा जायचे. आझाद हिंद एक्सप्रेसनं संध्याकाळी पुणे सोडायचं, दुसऱ्या दिवशी गोंदिया मागे पडलं की दरेकसाचा बोगदा यायचा, डब्यात क्षणभर अंधार व्हायचा, आणि पलीकडे निघालं की फलाटावरच्या फेरीवाल्यांची हाक बदललेली असायची. डोंगरगडची टेकडी, राजनांदगाव, दुर्ग. मग घर. दार ढकललं की बंद घराचा तो वास, उंदरांचा, ओल्या लाकडाचा, जुन्या कागदांचा, आणि त्याच्या तळाशी कुठेतरी अजून आईच्या डाळीतल्या हिंगाचा. दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवल्या की शेवटचा वास आधी उडून जायचा. म्हणून पुढे पुढे मी खिडक्या उघडेनाशी झाले.

रात्री पूर्वी लांबून धमतरीच्या छोट्या गाडीची शिटी ऐकू यायची. १९०० सालापासून धावणारी ती छोट्या रुळांची गाडी २०१७ मध्ये शहरातून उठली, तिच्या जागी आता मोठा रस्ता आहे. त्या वर्षी मी गेले तेव्हा रात्रभर जागी होते, आणि काय चुकतंय ते पहाटे लक्षात आलं.

विकायचं आम्ही ठरवलं, असं म्हणता येणार नाही. ते ठरत गेलं. एका पावसाळ्यात मागची भिंत बसली. परदेशातला धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, ताई, किती दिवस असं? थोरल्या दादाला ते पटेना; तो स्वतः तिथे राहायला जाणार नव्हता, पण विकलेलंही त्याला बघवणार नव्हतं. तीन-चार महिने आम्ही भावंडं एकमेकांशी फक्त कामापुरतं बोललो. ते दिवस मला आठवायचे नाहीत. नजूलची जमीन, तिचा पट्टा, बाबांच्या नावावरून आईच्या नावावर फौती नामांतरण. "फौती झाली का?" असं जो तो विचारायचा, आणि दर वेळी बाबा पुन्हा एकदा जायचे.

पहिला गिऱ्हाईक २०१६ च्या दिवाळीत मिळाला. पोक्त माणूस, आईला वाकून नमस्कार केला, इसार दिला. विहीर बुजवणार नाही म्हणाला, आणि तेवढ्या एका वाक्यावर आईनं मनातून घर देऊन टाकलं. आठवडाभरानं, ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या. काही दिवसांनी तो येऊन बसला, चहाचा कप तसाच ठेवला आणि म्हणाला, आता जमणार नाही. त्याचा इसार आईनं त्याला परत केला. दलालाला ते मुळीच रुचलं नाही, पण आई म्हणाली, "त्यानं माझ्या विहिरीबद्दल विचारलं होतं." तुम्हाला खरं सांगते, व्यवहार मोडल्याचं दुःख व्हायच्या आधी मला आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं होतं. घर आणखी दीड वर्ष आमचं राहिलं. त्या दीड वर्षात मी चारदा जाऊन आले.

दुसऱ्या वेळी दलाल एका बांधकामवाल्याला घेऊन आला. तो आत शिरलाच नाही. बाहेरून टेप लावून ३० बाय ८० मोजलं आणि म्हणाला, "मकान की तो कोई कीमत नहीं, कीमत जमीन की है. मलबा उठवाने का खर्चा अलग लगेगा." मलबा. मी परछीच्या खांबाला टेकून उभी होते. सागाचा खांब, माणसांच्या पाठी लागून लागून मध्यावर तुळतुळीत झालेला. त्या माणसानं वाईट काही म्हटलं नव्हतं. त्याच्या कामात जुन्या घराला तोच शब्द आहे. पण ज्या घरात प्रत्येक कोपऱ्याला, प्रत्येक खुंटीला, चुलीमागच्या त्या काळ्या डागालासुद्धा आमचा आमचा शब्द होता, त्या साऱ्याला मिळून एकच शब्द मी त्या दिवशी ऐकला, आणि त्यानंतर ते घर माझ्या मनात पहिल्यासारखं उभं राहिलं नाही.

त्या रात्री मला माधवराव सप्र्यांची गोष्ट आठवली. सप्रे मराठी घरातले, टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेणारे, १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढणारे. १९२६ च्या एप्रिलमध्ये ते गेले ते आमच्या रायपुरातच. शाळेत आम्हाला त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' होती, त्याच मासिकात १९०१ साली आलेली. जमीनदार एका विधवेची झोपडी हिसकावून घेतो. ती आपल्या अन्न टाकलेल्या नातीसाठी चूल घालायला त्या झोपडीतली टोपलीभर माती मागते, ती टोपली उचलायला त्यालाच हात लावायला सांगते, आणि ती त्याच्यानं उचलत नाही. लहानपणी ही गोष्ट ऐकताना आम्ही म्हातारीच्या बाजूचे असायचो. त्या रात्री मात्र मला समजलं की आम्ही तिच्या बाजूला उभे नाही. तिची झोपडी गेली होती. आमचं घर आम्ही पैसे मोजून घेऊन देत होतो. ज्यांच्याकडून हिसकावलं जातं त्यांना रडायला निदान कोणीतरी समोर असतं. आमच्यासमोर कोणी नव्हतं. तरी मी आईला म्हटलंच, तुळशीतली थोडी माती नेऊ या का. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "नको बाई. तिथं आठव्या मजल्यावर तिला करमायचं नाही."

रजिस्ट्रीच्या दिवशी आईनं ठेवणीतलं हिरव्या काठाचं इरकली नेसलं. लेखनिक मोठ्यानं मसुदा वाचत होता: विक्रेता, मग आईचं नाव, आणि त्याला जोडून, बेवा, मग बाबांचं नाव. आयुष्यभर तिनं आपल्या नावाआधी सौभाग्यवती लिहिलं होतं. बाबा गेल्यावर श्रीमती. हा शब्द तिनं स्वतःसाठी प्रथमच ऐकला. तिनं पदर खांद्यावर सारखा केला आणि मला हळूच विचारलं, "यांचं नाव नीट लिहिलंय ना गं? ऱ्हस्व-दीर्घ?" मग चतुःसीमा आली. पूर्वेला अमुक यांचं घर, पश्चिमेला तमुक, उत्तरेला गल्ली, दक्षिणेला सडक. चारही दिशा वाचून झाल्या आणि मला वाटलं, वरचं राहिलं. मग तो म्हणाला, रिक्त आधिपत्य सुपूर्द. आईचा फोटो निघाला, अंगठा उमटेना. उभ्या जन्मात घासलेल्या भांड्यांनी, थापलेल्या भाकऱ्यांनी तिच्या अंगठ्यावरच्या रेघा झिजल्या होत्या. तिसऱ्यांदा पुसून, दाबून धरला तेव्हा तो उमटला.

घर रिकामं करायला आठ दिवस होते. भांडी वाटली, पुस्तकं चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात नेऊन दिली, गाद्या फोडून कापूस दिला. धानाची कोठी काही केल्या बाहेर निघेना. ती घरातच बांधलेली होती, दारापेक्षा मोठी. पौषी पौर्णिमेला छेरछेरा मागायला गल्लीतली पोरं यायची तेव्हा आजी तिच्याच तळाच्या छिद्राचा बोळा काढून सुपात धान घ्यायची, आणि धान पडायला लागलं की कोरड्या पावसासारखा आवाज यायचा. बोळा अजून जागेवर होता. मी तो काढून पाहिला. आतून थोडी धूळ आली, आणि धान्याचा अगदी पुसटसा वास.

शेवटच्या दिवशी रौताइन दाई आली. वाकलेली, काठी टेकत. तिला आई पैसे देणार होती, एक शालू देणार होती. दाईनं दोन्ही घेतलं, कपाळाला लावलं आणि मग वर बोट दाखवून म्हणाली, हे पण दे. आम्हाला कळेना. ती म्हणाली, तोडणारे तर खपरे फोडूनच टाकतील, माझ्या मुलानं गावात घर बांधलंय, छपराला घातलेत ते यंत्राचे पातळ, ते तापतात. आईनं माझ्याकडे पाहिलं. मग दाईचा मुलगा आणि नातू दोन दिवस वर चढून कवेलू उतरवत होते, एकेक, हातोहात, अगदी फेरायला काढावेत तसे, आणि ट्रॉलीत पेंढा घालून त्यावर रचत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी माजघरात गेले. वर फक्त मयाली आणि वासे राहिले होते, बाकी सगळं आभाळ. मी जमिनीवर पडले, उताणी. उन्हाचे खांब नव्हते, सगळीकडे सारखंच ऊन होतं, आणि धूळ कुठे चढतेय ते दिसत नव्हतं.

आई पुढच्या वर्षी गेली. जाण्याआधी काही दिवस ती विहिरीबद्दल विचारायची, पाणी किती खाली गेलंय, म्हणून. मी सांगायचे, यंदा बरं आहे.

त्यानंतरच्या जूनमध्ये एका संध्याकाळी फोन आला. दाईच्या नातवानं लावून दिला होता. तिला ऐकायला कमी येतं, म्हणून ती मोठ्यानं, एका दमात बोलते. मागे सतत काहीतरी वाजत होतं, मला आधी वाटलं फोनच खरखरतोय.

"नोनी, पानी गिरत हे," ती म्हणाली. "फेर एको जघा नइ चुहय."